आधी वारं जाऊ दे

मी आठ-नऊ वर्षांची असेन. मे महिना, हरिपूर, मामाचं घर. सकाळी न्याहारी झाल्या झाल्या मामा म्हणाला, "चल, आज पेव फोडायचंय."

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार. सांगलीला खेटून असलेल्या हरिपूर-सांगलवाडीच्या बाजूला तेव्हा पेवंच पेवं होती. इथली मातीच तशी. खोल खणत गेलं तरी ढासळत नाही आणि आत पाझर धरत नाही. तोंड इतकं अरुंद की एक माणूस कसाबसा उतरावा, आणि आत पोट रांजणासारखं सुटलेलं, तीन पुरुष खोल. आतून शेणानं सारवून वाळवायचं, बुडाला आणि कडेनं पाचट लावायचं, गळ्यापर्यंत हळद भरायची, वर पुन्हा पाचट, मग फरशी, मग माती. वरून बघणाऱ्याला नुसती जमीन दिसायची. मामेभावंडांबरोबर मी त्यावर लंगडी खेळलेय. पायाखाली शेकडो पोती हळद झोपलीय, हे तेव्हा कुठं माहीत होतं!

त्या दिवशी माती बाजूला झाली, पहारीनं फरशी उचकटली, आणि काळं गोल भोक दिसलं. मी वाकून बघायला धावले. मामानं दंडाला धरून अशी मागं ओढली की दुसऱ्या दिवशीही दंड दुखत होता. "लांब हो! आत वारं नाही. आधी वारं जाऊ दे."

आणि मग सगळे बसले. मामा, पेवात उतरणारे दोघं, हमाल, माल घ्यायला आलेले अडतदुकानाचे दिवाणजी, असे सात-आठ बाप्ये चिंचेखाली मांडी घालून बसले. मामीनं चहा पाठवला. कुणी तंबाखू मळली, कुणी पटका डोळ्यांवर ओढून आडवा झाला. तासभर गेल्यावर मामानं पेटता कंदील दोरीला बांधून आत सोडला. दोरी निम्मीही गेली नसेल, ज्योत आधी निळसर झाली, मग बसली. मामानं कंदील वर ओढून घेतला आणि पुन्हा चिंचेखाली जाऊन बसला. कुणी हुं की चूं केलं नाही. दुपारची भाकरी खाऊन झाल्यावर दुसऱ्यांदा कंदील गेला, तो बुडापर्यंत जळत राहिला. तेव्हा कुठं पहिला माणूस दोरीला धरून उतरला.

मामानं मला समजावलं होतं: आत कोंडलेली हळदच हळूहळू सगळं वारं पिऊन टाकते. म्हणून आत किडा जगत नाही, म्हणून हळद दोन-दोन, तीन-तीन वर्षं टिकते. पण त्यामुळंच माणूसही तिथं जगत नाही. घाईनं उतरलेला वर येत नाही. अशी माणसं गेलेली त्यानं पाहिली होती. नावं सांगितली नाहीत.

पहिली पाटी वर आली तेव्हा मामानं त्यातलं एक हळकुंड दगडावर ठेवून फोडलं. टणक, पोळीच्या लाटण्यासारखं. वरून मातकट, सुरकुतलेलं, अगदी सामान्य. आणि आत गर्द केशरी, ओलसर वाटावं इतकं तजेलदार. तीन वर्षं अंधारात पडून होतं ते.

या सगळ्यातलं हळकुंडापेक्षाही आज मला चिंचेखालचं ते बसणं जास्त आठवतं. कामाचा दिवस, डोक्यावर ऊन, मालाचा सौदा ठरलेला, आणि आठ बाप्ये निवांत बसलेले. खोळंबा झाला असं त्यातल्या एकालाही वाटत नव्हतं. बसणं हाच त्या कामाचा भाग होता.

---

आता मी सांगलीतल्या विश्रामबागेत राहते आणि हिशेबाची कामं करते. छोटे व्यापारी, वर्कशॉपवाले, दोन-तीन द्राक्षबागायतदार, एक मसाल्याची गिरणी. माझा महिना तिथीवर चालत नाही, तारखांवर चालतो. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला विक्रीचं विवरण, १५ ला भविष्यनिर्वाह निधी, २० ला जीएसटीचं मुख्य विवरण. वीस तारीख गेली की श्वास घ्यावा म्हटलं तर तिमाहीवाले दारात. मग मार्चअखेर, मग जुलैअखेर, मग ऑडिट. यात घर आहे, सासूबाई आहेत, मुलीची बारावी झाली, नवऱ्याची फिरतीची नोकरी आहे. हे सगळं मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मला माझं काम आवडतं. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की मला आजही लहान मुलासारखा आनंद होतो.

पण तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत एक गोष्ट घडली. १९ तारखेची रात्र होती, साडेअकरा वाजून गेलेले. एका वर्कशॉपवाल्याचं विवरण भरत होते. खरेदीवरच्या कराची वजावट होती ६१,२०० रुपये. मी टाकली १६,२००. अंक उलटे पडले, दिसले नाहीत, विवरण गेलं. एकदा गेलेलं ते विवरण मागं घेता येत नाही. सकाळी त्यांचा फोन आला, "मॅडम, पंचेचाळीस हजार जादा कशाचे गेले?" आवाजात राग नव्हता, त्यानंच मला जास्त लागलं. पैसे बुडाले नाहीत, पुढच्या महिन्यात वजावट मिळाली. पण त्या माणसाला त्या आठवड्यात पगार करायचे होते आणि त्याची रोकड माझ्यामुळं अडकली.

हिशेबातली जुनी खूण आहे: दोन बाजूंच्या फरकाला ९ नं भाग गेला, तर कुठंतरी अंक उलटे पडले असतील, तिथं शोधावं. ऑफिसात नवीन आलेल्या मुलींना मी हे पहिल्याच आठवड्यात शिकवते. पंचेचाळीस हजारांना ९ नं भाग जातो, पाच हजार वेळा. मला कागद-पेन्सिल लागली नाही. फोन कानाला असतानाच कळलं की काय झालंय. का झालंय तेही कळलं. त्या महिन्यात मी एकही रात्र सहा तास झोपले नव्हते. झोपेपेक्षाही वाईट म्हणजे, जागेपणी एकही क्षण मोकळी बसले नव्हते. स्वयंपाक करताना कानात व्हॉइस मेसेज, जेवताना मोबाईल, गाडीवर सिग्नलला थांबलं तरी हात खिशाकडं.

एक साधी गोष्ट तेव्हा पहिल्यांदा नीट डोक्यात आली. जीएसटीचं विवरण एक दिवस चुकलं तर रोजचे ५० रुपये विलंब शुल्क लागतं, वर भरायच्या करावर व्याज. म्हणून ते मी कधी चुकवत नाही. झोप चुकवली, बसणं चुकवलं, तर नोटीस येत नाही. त्याचं शुल्क लागतंच, पण कुठल्या तरी भलत्याच खात्यातून वसूल होतं. कधी दुसऱ्याच्या पंचेचाळीस हजारांतून, कधी मुलीवर विनाकारण ओरडून. कुठल्या चुकवलेल्या दिवसाचं ते शुल्क होतं, याचा मेळ शेवटपर्यंत लागत नाही.

---

"सवड मिळाली की बसू." हे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडी शेकडो वेळा ऐकलंय. सवड मिळत नसते. आई बसलेली मला आठवते ती तांदूळ निवडताना, शेंगा फोडताना, पापड लाटताना. रिकाम्या हातांनी बसलेली आई माझ्या डोळ्यांपुढं येतच नाही. आपल्या घरांत बाई दिवसाढवळ्या आडवी झाली की पहिला प्रश्न असतो, "बरं नाही का?" आजारी असेल तरच तिनं पडावं, हे त्या प्रश्नात धरलेलंच असतं. विचारणारा मायेनंच विचारतो, आणि त्यामुळं आपण झटकन उठून बसतो.

सक्तीनं थांबणं आणि आपण होऊन थांबणं यांतला फरक सांगलीकरांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातलं माझं तेव्हाचं ऑफिस पाण्यात होतं, विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत अकरा माणसं होती, आणि काम सगळं ठप्प. त्या दिवसांत मी कितीतरी तास नुसती बसून होते. पण त्याला विश्रांती म्हणायची माझी छाती होत नाही. अंग घरात होतं, जीव पुलावर. दर अर्ध्या तासाला कुणीतरी विचारायचं, "किती फूट झालं?" पुढच्याच वर्षीच्या टाळेबंदीतही तेच, फक्त फुटांऐवजी रुग्णांचे आकडे. त्या दोन्ही वेळी मी थांबले होते, आणि दोन्ही वेळा आधीपेक्षा जास्त दमून बाहेर आले.

मोबाईल हातात घेऊन सोफ्यावर पडणं यातही मी विश्रांती धरत नाही. याबद्दल मी पूर्वी इतकी ठाम नव्हते. आता आहे. तासभर बोटानं वर-वर सरकवत राहिलं की डोकं जड होतं आणि काय पाहिलं ते आठवत नाही. थकवा तसाच राहतो.

---

मग मी काय केलं? फार काही नाही. मला माझ्या आज्ज्याचा सोमवार आठवला.

वडिलांकडचे आम्ही तासगाव तालुक्यातले. आज्ज्याकडं एक बैलजोडी होती आणि सोमवारी तो औत धरत नसे. महादेवाचा वार, नंदीचा वार; त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. एका वर्षी पेरणीला वापसा आला नेमका सोमवारी. शेजारचे बांधावरून ओरडून सांगत होते, "आज नाही पेरलं तर जमीन हातची जाईल." आज्जा म्हणाला, "उद्या धरू." आणि गोठ्यात जाऊन बैलांच्या अंगावरून हात फिरवत बसला. त्या वर्षी पीक कसं आलं ते मला माहीत नाही. आज्ज्यानंही कधी सांगितलं नाही, म्हणजे त्याच्या लेखी तो मुद्दाच नसावा.

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असायची. जिथं वर्षभर जू घासतं तिथली कातडी राठ होते, केस उडतात, घट्टे पडतात. आज्जा कढत पाण्यानं खांदा शेकायचा आणि मग तुपात कालवलेली हळद दोन्ही अंगठ्यांनी जिरवायचा. बैल मान खाली घालून, डोळे अर्धे मिटून उभा. आज्ज्याचे हात कोपरापर्यंत पिवळे. बोलायचं कुणी नाही. मी कडब्यावर बसून बघायची. खांद्याला कुठं लागलंय हे बैल सांगत नाही, त्यामुळं ज्यानं जू ठेवलं त्यानंच ते ओळखून हात लावायचा. माझ्या खांद्यावर जू ठेवणारी बहुतेक वेळा मीच असते, म्हणून हे मला फार जवळचं वाटतं.

तर मी सोमवारची संध्याकाळ बाजूला काढली. पाचला ऑफिस बंद. मुलींनाही सुट्टी, त्यांनी बसायचं की चित्रपटाला जायचं, त्यांचं त्या बघतील. तारीख कुठलीही असो. २० तारीख सोमवारी आली तर विवरणं शनिवारीच संपवायची. आधी उरलेल्या वेळात बसणं बसवायचे; आता बसण्याची वेळ आधी लिहिते आणि कामं तिच्या मागं-पुढं लावते. लिहायला एका ओळीचं आहे. करायला मला आठ महिने लागले, कारण अशील रागावतात, घरी पाहुणे नेमके सोमवारी येतात, आणि नवऱ्याला त्या दिवशी संध्याकाळचं स्वयंपाकघर सांभाळायला शिकावं लागलं. घरात दुसऱ्या कुणी हात पुढं केल्याशिवाय बाईला विसावा मिळत नाही, हे उघड आहे, तरी आपण ते बोलत नाही. आणि ज्यांच्या एका खाड्यानं संध्याकाळची चूल अडते, त्यांना माझं हे सांगणं म्हणजे जखमेवर मीठ आहे, हेही मला कळतं. त्यांच्या सोमवारासाठी मालकांनी आणि ठेकेदारांनी जागा करायला हवी.

मी हरिपूरला जाते. गाडीवर वीसेक मिनिटं. शेवटचा रस्ता जुन्या झाडांच्या सावलीतला. संगमेश्वराच्या देवळामागं घाट आहे, समोर कृष्णेत वारणा मिळते. श्रावणातल्या सोमवारी तिथं जत्रा असते, पाय ठेवायला जागा नसते. एरवीच्या सोमवारी चार-दोन माणसं. या भागात नदीच्या पात्राला उतार अगदी कमी, त्यामुळं पाणी दमादमानं, वळणं घेत जातं. पूर इथं फुगतो आणि लवकर ओसरत नाही तो याच स्वभावामुळं. ज्या नदीनं आमचं ऑफिस बुडवलं तिच्याच काठावर बसून मला बरं वाटतं, याचं मला सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं. आता होत नाही.

पहिल्या काही सोमवारी मला अजिबात बरं वाटलं नाही, हे सांगितलं पाहिजे, कारण कुणी सांगत नाही. पायरीवर बसले की पाच मिनिटांत छातीत धडधड. कुणाचा तरी फोन राहिला, कुठलं तरी चलन राहिलं. हात पर्सकडं. एकदा तर मी सरळ उठून परत आले आणि ऑफिस उघडलं. मला वाटलं, मला हे जमणारं नाही, माझा स्वभावच नाही तो.

मग एका सोमवारी जाताना मामाच्या जुन्या घरावरून गेले. मामा नाही, पेवंही नाहीत. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं. भिजलेल्या हळदीचा वास कितीतरी दिवस गावात होता. बऱ्याच जणांनी नंतर पेवं बुजवली, माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मामाचं पेव ज्या जागी होतं तिथं आज कुणाचं तरी पत्र्याचं शेड आहे. मी गाडी उभी करून त्या शेडकडं बघत राहिले आणि मला दोरीवरचा कंदील दिसला. निम्म्यातच विझलेला. मामा चिडला नव्हता. कंदील विझला म्हणजे पेव नासलं, असं तो म्हणाला नव्हता. आत अजून वारं गेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ त्यानं लावला, आणि परत जाऊन बसला.

माझं डोकं तर वर्षानुवर्षं फरशी लावून बंद होतं. एका संध्याकाळी त्यात उतरायला निघाले होते मी.

तेव्हापासून मी धडधडीला काही करत नाही. येते, राहते, जाते. नाव घेत नाही, मोजत नाही, श्वासाकडंही मुद्दाम बघत नाही; ज्यांना त्यानं गुण येतो त्यांनी जरूर करावं. अर्धा-पाऊण तास असा गेला की मग कधीतरी समोरचं पाणी खरंच दिसायला लागतं. म्हणजे आधीही दिसतच असतं, पण मग त्याच्यावरची उलटी वाहिल्यासारखी दिसणारी बारकी लाट दिसते, पलीकडच्या काठावर म्हैस धुणारा माणूस दिसतो, तो म्हशीशी काय बोलतोय ते ऐकू येतं. कधी कधी त्या संध्याकाळी तेही होत नाही. कंदील विझतो. मग मी घरी जाते आणि पुढच्या सोमवारी परत येते.

आपल्या बोलण्यात पेव आता फक्त फुटतं. क्लासेसचं पेव फुटलं, बाबा-बुवांचं पेव फुटलं. ते भरावं लागतं, झाकून ठेवावं लागतं, आणि उघडल्यावर तोंडाशी बसून राहावं लागतं, हे बोलीतून गळून गेलं. मला याचं वाईट वाटतं. माझ्या मुलीला पेव म्हणजे काय ते मी परवा जमिनीवर खडूनं काढून दाखवलं.

---

गेल्या श्रावणानंतर सासूबाई म्हणाल्या, "दर सोमवारी कुठं जातीस, मला तरी ने." मी त्यांना आत्या म्हणते. पंचाहत्तरी ओलांडलीय, गुडघे दुखतात, पण घरात सगळ्यांच्या आधी उठतात. मी त्यांना मागं बसवून नेलं, दंडाला धरून सहा पायऱ्या उतरवलं. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून कापसाचा डबा काढला आणि वाती वळायला सुरुवात केली. तासाभरात मूठभर फुलवाती. निघताना म्हणाल्या, "बरं झालं, गौरीपर्यंत पुरतील."

दुसऱ्या सोमवारी समईच्या लांब वाती. तिसऱ्या सोमवारी मध्येच म्हणाल्या, "तू नुसतीच बसतीस व्हय गं?"

"व्हय, आत्या."

"काय बघतीस?"

"काय नाही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता विचारतील, बरं नाही का. विचारलं नाही. डबा उघडून पुन्हा कापूस पिंजायला लागल्या.

परवाच्या सोमवारी आभाळ भरलेलं होतं. घाटावर आम्ही दोघीच. दिवेलागणीला देवळात घंटा वाजली, एकदाच. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की शेजारून येणारा तो बारीक आवाज, तळहातावर तळहात घासल्याचा, येत नाहीये. मी मान वळवली नाही, नुसती डोळ्यांच्या कडेनं पाहिलं. डबा उघडाच होता. कापूस मांडीवर होता, त्यावर त्यांचे दोन्ही हात, तळवे वर करून ठेवलेले. नदीकडून वारं आलं आणि कापसाचा एक तंतू सुटून पाण्याच्या दिशेनं गेला. आत्यांनी तो जाताना पाहिला, धरला नाही.